कानस आणि धावपट्टी

पेरंबूरच्या ज्या गल्लीत मी भाड्यानं राहते, तिथे संध्याकाळी सातनंतर एका घराच्या पडवीतून कानशीचा आवाज येतो. बारीक, थांबून थांबून, मधेच फुंकर मारल्यासारखा. पहिलं वर्षभर मला वाटत होतं, कुणीतरी किल्ल्या बनवत असेल. एकदा स्वयंपाकाचा गॅस बदलायला मदत मागायला गेले तेव्हा दिसलं ते असं : सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर मोटरसायकलचा सिलिंडर, हातात दंतवैद्याकडे असतो तसा दांड्याचा छोटा आरसा. सिलिंडरच्या आतल्या एका खिडकीची वरची कड ते घासत होते. किती घासायचं, म्हणून विचारलं. ‘‘अर्धा मिलिमीटर,’’ ते म्हणाले. ‘‘आज पाव.’’

गल्ली त्यांना अण्णा म्हणते, मीही म्हणते. रेल्वेच्या डबा कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झाले. नाव छापायचं नाही ही त्यांची अट, म्हणून इथेही ते अण्णाच. मी मूळची कोल्हापूरची. शिवाजी उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडी, लेथखाली साचलेला पोलादाचा कीस आणि ओतकामाची काळी माती हे लहानपणापासून नाकात बसलेलं. त्यामुळे त्या पडवीत मला परकं वाटलं नाही. शब्दही फारसे परके नव्हते. अण्णा पडवीला ‘पट्टरै’ म्हणतात. लोहाराच्या भट्टीपासून लेथच्या दुकानापर्यंत कुठल्याही कारागिराच्या जागेला तमिळमध्ये हा शब्द चालतो. तिथला जाणता कारागीर तो ‘मेस्तिरी’. आपला मेस्त्री आणि त्यांचा मेस्तिरी दोघेही एकाच पोर्तुगीज शब्दाचे वंशज. एक कोकण किनाऱ्यानं आला, दुसरा चोळमंडलाच्या. हाताखालचा पोरगा ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ. पगार किती का कमी असेना, नातं आधी.

अण्णांच्या पडवीत १९६०च्या दशकाच्या शेवटापासून शर्यतीच्या मोटरसायकली बांधल्या गेल्या. आधी त्यांच्या मामांनी, मग त्यांनी. या शहरातल्या शर्यतींबद्दल छापलेलं पुष्कळ मिळतं : क्लब कधी निघाला, कोण जिंकलं, कुठल्या कंपनीनं पैसे घातले. पडव्यांबद्दल जवळजवळ काही मिळत नाही. आपल्याकडे नांगर बनवणाऱ्या एका कारखान्यानं १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढलं आणि त्यातून मराठीतलं एक मोठं मासिक उभं राहिलं, हे आपण कौतुकानं सांगतो. पण ती कारखान्याची आणि साहित्याची सोयरीक होती. पडवीला मासिक नसतं. तिचा इतिहास लिहायचा तर तो सुट्या भागांवरून, नियमांवरून आणि माणसांच्या बोलण्यावरून जुळवावा लागतो. मी जुळवून पाहिला. माझ्या समजुतीनुसार मद्रासची घरगुती इंजिनं दोन गोष्टींच्या आधारावर उभी होती. एक, भोवतालच्या कारखान्यांचं कडं; दोन, बदलाला मोकळीक देणारी नियमावली. पहिली गोष्ट अजून आहे. दुसरी गेली.

धावपट्टीपासून सुरुवात करते, कारण धावपट्टी नसती तर बाकीचं काहीच झालं नसतं. शहराच्या उत्तरेला, कलकत्त्याच्या हमरस्त्यावर, रेड हिल्सच्या पुढे शोळावरम आहे. तमिळमध्ये या नावात चोळ राजांच्या नावातलाच तो जीभ मागे वळवून म्हणायचा वर्ण आहे. आपला ळ त्याच्या जवळपास जातो, इंग्रजांनी मात्र त्याचा सरळ ‘ल’ करून टाकला. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानांसाठी धावपट्टी झाली. युद्ध संपलं आणि विमानं गेली, पण काँक्रीट उरलं. जगभर हेच झालं. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन हे युद्धातलं विमानतळच. १९४८ साली तिथे पहिली मोठी शर्यत झाली. कलकत्त्याच्या लोकांनी बराकपूरची धावपट्टी वापरली. मद्रासमध्ये १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि त्याच्या शर्यती शोळावरमला होऊ लागल्या. पुढची तीसेक वर्षं देशातली सर्वांत गाजलेली शर्यत म्हणजे शोळावरम असं समीकरण होतं. श्रीलंकेतूनही स्पर्धक येत.

तिथे मोटारींच्या वर्गात पैसा दिसायचा. गोंडलचे महाराज होते, तरुण विजय मल्ल्या होते. युरोपातल्या शर्यतींतून निवृत्त झालेल्या एकआसनी गाड्या जहाजानं आणल्या जात. मोटरसायकलींच्या वर्गाची गोष्ट निराळी. परवान्यांचा जमाना, परकीय चलनाची चणचण, बाहेरून रेसिंगचा पिस्टन मागवणं म्हणजे कागदपत्रांचं एक वेगळंच करिअर. साधी स्कूटर घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची, तिथे शर्यतीसाठी वेगळी मोटरसायकल कोण देणार? ज्या मोटरसायकलवर नवरा बायकोला घेऊन देवळात जायचा, तीच दिवे काढून, मडगार्ड काढून, सायलेन्सर बदलून शोळावरमला उभी राहायची. सोमवारी पुन्हा दिवे लावून कामावर.

पण कामावर म्हणजे कुठे, हे महत्त्वाचं. अण्णांच्या मामांचा दिवस ज्या कारखान्यात जायचा, तो पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते १९५५ साली पेरंबूरला सुरू झालेला इंटिग्रल कोच फॅक्टरी. स्विस तंत्रज्ञांनी इथल्या मुलांना मायक्रोमीटर धरायला शिकवलं. त्याच १९५५ साली मद्रास मोटर्सनं इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डशी भागीदारी करून एनफिल्ड इंडिया काढली. लष्कराला बुलेट हव्या होत्या. आधी भाग पेट्यांतून यायचे आणि इथे जोडले जायचे, पुढे बनवायची हत्यारं आणि साचेही आले, आणि १९६२ पर्यंत सगळी गाडी उत्तर मद्रासच्या तिरुवोत्रियूरला बनू लागली. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला. बुलेट तिरुवोत्रियूरला जगली. त्याच तिरुवोत्रियूरमध्ये १९४६ साली के. एम. माम्मेन माप्पिळ्ळै यांनी एका शेडमध्ये मुलांचे फुगे बनवायला घेतले होते. त्या शेडची पुढे एमआरएफ झाली. पेरंबूरला लागून असलेल्या सेंबियमला १९४९ पासून इंडिया पिस्टन्स होती. दक्षिणेला गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ची. शहराच्या मधोमध जनरल पॅटर्स रोडवर सुट्या भागांची दुकानं, आणि मोडीत निघालेल्या गाड्यांचं सामान हवं तर पुदुपेट. म्हणजे पिस्टन घडवणारा, रबर जाणणारा, क्रँक घासणारा आणि बुलेट जोडणारा हे सगळे शोळावरमच्याच बाजूला, सायकलच्या टप्प्यात राहत होते.

एकट्या वेड्या माणसानं गॅरेजमध्ये जग जिंकलं, ही कथा आपल्याला आवडते. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोचं उदाहरण प्रसिद्ध आहे : १९२०ची इंडियन स्काउट, घरी ओतलेले पिस्टन, आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी २९५ किलोमीटरच्या पुढचा विक्रम. मन्रो थोरच. पण मद्रासचा पडवीकर एकटा नव्हता. त्याच्या कामात दिवसपाळीचा कारखाना मुरलेला होता. ‘हे माप बरोबर आहे का’ म्हणून विचारायला त्याच्याकडे चार गल्ल्या होत्या.

मामांची पहिली गाडी अर्थातच बुलेट. ३४६ घनसेंटिमीटर, ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर, शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती. हे लांब टप्प्याचं इंजिन ओढायला उत्तम, धावायला जड. मिनिटाला ६००० फेऱ्या करायला लावल्या तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटर होतो, आणि त्या काळच्या घरगुती ओतीव पिस्टनसाठी ही हद्दच. मामा फ्लायव्हील तासून हलकं करत, हेड घासून दाब वाढवत, कॅमच्या उंचवट्यावर वेल्डिंगचा थर देऊन तो पुन्हा हातानं घडवत. या शेवटच्या कामाला महिना लागायचा आणि चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायचा. चार फटक्यांच्या इंजिनात सुधारणा करायची तर कॅम, स्प्रिंगा, व्हॉल्व्ह, रॉकर असा एक अख्खा संसार बदलावा लागतो. त्यातली निम्मी कामं घरी होत नाहीत.

दोन फटक्यांच्या इंजिनाला व्हॉल्व्हच नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. पिस्टन खालीवर जाताना त्या उघडतो, मिटतो. खिडकीची कड उंच केली की ती लवकर उघडते आणि इंजिनाचा स्वभाव बदलतो. एवढं करायला एक कानस पुरते. म्हणून दोन फटक्यांचं इंजिन ही गरिबाची प्रयोगशाळा ठरली. आपल्याकडे म्हैसूरला इराणी कुटुंबाच्या आयडियल जावानं १९६१ पासून ते बनवलं, आणि अण्णा हे काम शिकले ते त्या जावाच्या सिलिंडरवर. चुकलेले सिलिंडर त्यांच्या आईनं वर्षानुवर्षं दाराला टेकण म्हणून वापरले.

मात्र खिडक्या घासणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा धुरांड्यात असतो आणि तो मद्रासला कसा पोचला ही कहाणी थोडी लांबून सांगावी लागेल. पूर्व जर्मनीत चोपाउ गावी एमझेड नावाचा मोटरसायकलचा कारखाना होता. तिथले वाल्टर काडेन हे इंजिनिअर युद्धकाळात पेनेम्युंडेच्या क्षेपणास्त्र केंद्रात काम केलेले. पैसा नाही, धातू चांगले नाहीत, पण डोकं आणि एक ऑसिलोस्कोप. सिलिंडरची खिडकी उघडली की धुराबरोबर दाबाची एक लाट नळीत धावते. नळी पुढे रुंद होत गेली तर त्या लाटेची एक ओढ मागे परतते आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करते. त्यानंतर नळी अरुंद होत गेली तर लाट आपटून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. बाहेरून एखादा मधेच फुगलेला सायलेन्सर दिसावा तसा हा कक्ष. कल्पना आधीच्या जर्मन कारागिरांनाही सुचली होती; काडेननी तिचं शास्त्र केलं. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनानं २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००. तुलनेला बुलेट ठेवा : लिटरमागे ५२.

त्याच वर्षी सप्टेंबरात काडेन यांचा सर्वांत हुशार स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पळून गेला. बायकामुलं बर्लिनमधून गुपचूप पश्चिमेला आणलेली. तो गेला जपानला सुझुकीकडे, आणि बरोबर डोक्यातलं सगळं घेऊन गेला. १९६२ साली सुझुकीनं ५० घनसेंटिमीटरचं विश्वविजेतेपद मिळवलं ते डेग्नरच्याच हातानं. यामाहा काही मागे राहणार नव्हती; १९६४ मध्ये तिनं २५० घनसेंटिमीटरचं जिंकलं. चोरी म्हणा, स्थलांतर म्हणा. काडेनना त्यातून काय मिळालं याचा विचार केला की मला वाईट वाटतं. पुढे वीस वर्षांनी तेच शास्त्र जपानी कंपन्यांच्या शंभर घनसेंटिमीटरच्या गाड्यांत बसून भारतात आलं : १९८४ मध्ये टीव्हीएसबरोबर सुझुकी, १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा, १९८६ मध्ये पुण्याच्या बजाजबरोबर कावासाकी. चोपाउहून हमामात्सु आणि तिथून होसूर, पेरंबूर.

यामाहाची आरएक्स १०० आली त्या वर्षाबद्दल अण्णा बोलायला लागले की थांबत नाहीत. ९८ घनसेंटिमीटर, व्यास ५० आणि टप्पाही ५०, अकरा अश्वशक्ती, तीही साडेसात हजार फेऱ्यांवर. टप्पा आखूड असल्यानं दहा हजार फेऱ्यांवरसुद्धा पिस्टनचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत. म्हणजे मामांच्या बुलेटला सहा हजारांवर जेवढा त्रास, त्याहून कमी. वर बिडाचा आतला नळा इतका जाड, की घासायला जागाच जागा. ‘‘ती गाडी आमच्यासाठीच कुणीतरी बनवली होती,’’ अण्णा म्हणाले. बनवणाऱ्यांच्या मनात अर्थातच दूधवाले, बँकेतले कारकून आणि कॉलेजची पोरं होती.

काम असं चालायचं. क्रँकच्या टोकाला शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावरून काढलेली मोठी पुठ्ठ्याची चकती. खिडकी किती अंशांवर उघडते ते तिच्यावर वाचायचं. मग कानस. पाव मिलिमीटर घासायचं, कड गोल करायची, नाहीतर पिस्टनची रिंग तिच्यात अडकून मोडते. पुन्हा जोडायचं, पुन्हा मोजायचं. नळीचा हिशोब अण्णांनी मला पाटीवर करून दाखवला. दहा हजार फेऱ्या म्हणजे एका फेरीला सहा सहस्रांश सेकंद. खिडकी १९० अंश उघडी, म्हणजे तीन सहस्रांशाहून थोडं जास्त. तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला अंदाजे पाचशे मीटर धावतो. तेवढ्या वेळात लाटेनं जाऊन परत यायचं तर नळीची लांबी ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास हवी. फेऱ्या साडेसात हजारच हव्या असतील तर मीटरभर. हे गणित त्यांनी गॉर्डन जेनिंग्ज यांच्या १९७३च्या प्रसिद्ध पुस्तकाच्या झेरॉक्स प्रतीवरून शिकून घेतलं. ती प्रत माझ्या हातात आली तेव्हा तिची पानं तेलानं पारदर्शक झाली होती आणि समासात तमिळ लिपीत इंग्रजी शब्द होते.

पत्र्याचे शंकू कापायची युक्ती मात्र पुस्तकातली नव्हती. मरीनावर सुंडल, म्हणजे मसाला घातलेले उकडलेले हरभरे, कागदाच्या पुडीत मिळतात. पुडी उलगडली की तो कागद म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा. अण्णा आधी जाड कागदाच्या पुड्या करून बघायचे, त्या एकमेकींना चिकटवून गाडीखाली धरायचे, मग पत्रा. पत्रा कापून पाण्याच्या जुन्या पाइपवर वळवायचा आणि गॅसनं सांधायचा. मामींच्या मते घरात रद्दी उरायची नाही याचं कारण हेच.

मद्रासची हवा हा आणखी एक प्रतिस्पर्धी. पुस्तकातली मापं थंड देशातली. पंधरा अंशांच्या हवेच्या तुलनेत पस्तीस अंशांची हवा साडेसहा टक्के विरळ असते, शिवाय समुद्राची वाफ. तेवढा प्राणवायू कमी, तेवढं पेट्रोलही कमी द्यायला हवं. पण पेट्रोल कमी दिलं की इंजिन तापतं आणि पिस्टन सिलिंडरात चिकटतो. सकाळच्या सरावाला बरोबर बसलेलं जेट दुपारच्या शर्यतीला चुकीचं ठरायचं. तेलाचं मात्र अण्णांना कौतुक. शर्यतीच्या इंजिनांत पूर्वापार एरंडेल वापरत. कॅस्ट्रॉल हे नावच एरंडाच्या इंग्रजी नावावरून आलेलं. जळलेल्या एरंडेलाचा गोडसर वास आला की शोळावरम, असं ते सांगतात. माझ्या डोळ्यांपुढे एरंडेल म्हटलं की आजीचा चमचा येतो, पण ते असो.

या कामाची एक काळी बाजू आहे आणि अण्णांनी ती स्वतःहून सांगितली. नव्वदच्या दशकात त्यांनी एका कॉलेजच्या मुलाला नळी बनवून दिली. पैसे चांगले मिळाले. शर्यतीसाठी, असं तो म्हणाला होता. दोन महिन्यांनी रात्री तो समुद्राकाठच्या रस्त्यावर गेला. गाडीवर मागे बसलेला मित्र वाचला. अण्णा त्याच्या घरी गेले. मुलाच्या वडिलांनी त्यांना चहा दिला आणि नळीबद्दल अवाक्षर काढलं नाही. तेव्हापासून स्पर्धेचा परवाना पाहिल्याशिवाय त्यांनी कुणाला एक वॉशरसुद्धा दिला नाही. कायद्याचंही म्हणणं तेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेलं मूळ स्वरूप बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा बजावलं. मला हा कायदा योग्य वाटतो. पण त्याचा एक अर्थ असाही होतो की घरी बांधलेल्या इंजिनाला या देशात राहायला एकच जागा आहे, शर्यतीचा ट्रॅक. तिथली नियमावली बदलली की ते बेघर.

ट्रॅक बदलला तो आधी. १९९० पासून क्लबनं शोळावरम सोडून शहराच्या पश्चिमेला, बेंगळुरूच्या रस्त्यावर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै इथे पक्का ट्रॅक सुरू केला, ३.७ किलोमीटरचा, खराखुरा वळणावळणाचा. सुरक्षित आणि उत्तम. धावपट्टीवर कडेला वाळूच्या गोण्या रचून केलेली शर्यत कुणाला परत नको आहे. पेरंबूरहून मात्र तो दूर. मग धुराचे नियम आले : १९९१, १९९६, २०००, दर वेळी अधिक कडक. दोन फटक्यांचं इंजिन ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जाळताच बाहेर टाकतं; शहराच्या फुप्फुसांचा विचार केला तर ते जायलाच हवं होतं. आरएक्स १०० आणि म्हैसूरचा कारखाना दोन्ही १९९६ मध्ये थांबले. आरएक्सच्याच वर्षी, १९८५ मध्ये, हीरो होंडाची चार फटक्यांची सीडी १०० आली होती; तेव्हा पडवीतल्या लोकांनी तिच्याकडे पाहून हसं केलं होतं. तीच जिंकली.

शेवटचा घाव नियमावलीचा. पूर्वी शर्यतींत एक वर्ग असा असायचा, की ठरावीक क्षमतेत बसेल ते इंजिन हवं तसं बदला. हळूहळू कंपन्यांच्या स्वतःच्या मालिका वाढल्या : सगळ्यांना एकच गाडी, कंपनीनंच तयार केलेली, इंजिनाला सील. टीव्हीएस, यामाहा, होंडा. २०२१ पासून रॉयल एनफिल्डचीही. सील तुटलं तर स्वार बाद. यामागचं म्हणणं पटण्यासारखं आहे. खुल्या वर्गात ज्याच्याकडे चांगला मेस्तिरी तो पुढे. एकाच गाडीच्या शर्यतीत ज्याच्याकडे चांगलं मनगट तो पुढे. वस्तीतल्या मुलाला कंपनी गाडी देते, टायर देते, हेल्मेट देते. चेन्नईचे कितीतरी स्वार यातून वर आले. मी अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘खरं आहे, अम्मा. स्वारांचं भलं झालं.’’ पुढे काही बोलले नाहीत.

२०११ मध्ये चेन्नईचा शरत कुमार १२५ घनसेंटिमीटरच्या विश्वस्पर्धेत उतरला. त्या मालिकेत धावणारा तो पहिला भारतीय. त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या महिंद्रानंही त्या वर्गात संघ उतरवला. आणि तेच त्या वर्गाचं शेवटचं वर्ष होतं. २०१२ पासून तिथे चार फटक्यांची इंजिनं आली. काडेन, डेग्नर, कोनमापक, सुंडलची पुडी, या सगळ्याचं जागतिक दुकान बंद व्हायला आणि आमच्या गावचा मुलगा त्या दारात पोचायला एकच गाठ पडली. शरतची गाडी इटालियन एप्रिलिया होती, दोन फटक्यांचीच. अण्णांनी ती शर्यत टीव्हीवर आवाज मोठा करून ऐकली. पाहिली नाही, ऐकली. फेऱ्या किती आहेत ते त्यांना आवाजावरून कळतं.

पट्टरैतला शेवटचा तंबी आता इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूलाच एका मोटारींच्या कारखान्यात आहे. पगार चांगला, तपासणी विभागात. ट्रॅकवरून आवाज येतो तेव्हा तो जेवणाच्या सुट्टीत कुंपणाशी जातो म्हणे. तो कधीमधी रविवारी येतो आणि अण्णांना नवीन मोजमापाची हत्यारं दाखवतो. अण्णांकडे आरएक्सचे चार जुने सिलिंडर उरलेत. सध्या तिसऱ्यावर काम चालू आहे. कुठल्याच शर्यतीत तो बसणार नाही, रस्त्यावर लावता येणार नाही. कुणासाठी चाललंय, हे मी एकदा विचारलं. पूर्वी दोन खिडक्यांच्या मधली भिंत पातळ करायला भीती वाटायची, सिलिंडर वाया गेला तर शर्यत जायची. आता भीती नाही, म्हणून करून बघतोय, असं उत्तर मिळालं.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्यांची वही मागितली. १९८६ पासूनची, रेल्वेच्या जुन्या हिशोबाच्या कोऱ्या पानांची, सुतळीनं शिवलेली. रकाने आखलेले : तारीख, ट्रॅक, सकाळची हवा, दुपारची हवा, जेट, स्पार्क प्लगचा रंग (‘बिस्किट’, ‘कॉफी’, ‘राख’), नळीची लांबी, निकाल. निकालाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी एकच शब्द, ‘चिकटला’. म्हटलं, या पानांचे फोटो काढू का, कुठेतरी जपून ठेवता येतील, एखाद्या संग्रहालयाला देता येतील. त्यांनी वही उघडून उजेडात धरली, पान सपाट केलं, मला कोन सांगितला. मी मोबाइल पुढे धरला. खिडकीच्या उंचीचा जो रकाना होता, त्यावर त्यांनी अंगठा आडवा ठेवला आणि म्हणाले, ‘‘आता काढ.’’